म्हातारीचं शेत कुणाचं?

पेणचा गणपती तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी येऊन गेला असेल. पण पेणचा म्हणून आपण जो आणतो, तो बरेचदा पेण शहरातला नसतोच. तो असतो जोह्याचा, नाहीतर शेजारच्या हमरापूरचा, कळव्याचा किंवा तांबडशेतचा. मुंबईहून जाताना पेणच्या अलीकडेच ही गावं लागतात. दिवा-रोहा गाडीनं आलात तर हमरापूर स्टेशनवर उतरायचं आणि रिक्षा करायची. जोह्यात शिरलं की घराघरापुढे मांडवात ओळीनं गणपती बसलेले. कुणाला सोंड आहे पण डोळे नाहीत, कुणाचं पितांबर रंगलंय पण हात अजून पांढरेच. वर्षाचे बहुतेक महिने गावात हाच उद्योग. बायकाही रंगकामाला बसतात. एकीकडे भात शिजतंय, एकीकडे उंदराला रंग चाललाय, असं दृश्य घरोघर.

हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण मी तिथं हेलपाटे घातले ते एका म्हातारीपायी.

जोहे हे यजमानांचं मूळ गाव. आम्ही राहतो ठाण्याला, गावी जायचं ते गौरी-गणपतीला नि शिमग्याला. गावात आमची थोडी खारजमीन आहे. त्यातल्या एका तुकड्याला घरात ‘म्हातारीचं शेत’ म्हणतात. सासरे गेले त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं जमिनीला गिऱ्हाईक आलं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि पेण-उरणकडच्या जमिनींबद्दल विचारणा करणारे दलाल वाढले, हे तिकडच्या कुठल्याही घरात तुम्हाला ऐकायला मिळेल. भाऊजींचं म्हणणं, विकून टाकू. यजमान म्हणाले, बघू. आणि ओघानंच ठरलं की नणंदेकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. ताईंना कुणी विचारलं नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. आपल्याकडे ही सही म्हणजे माहेरच्या साडीचोळीची पावती असल्यासारखीच घेतली जाते.

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “बाकी काय विकायचं ते विका, म्हातारीचं शेत नको.”

“कुठली म्हातारी पण?” भाऊजींनी विचारलं.

“मला रे काय ठाऊक? मी लग्न होऊन आले तेव्हापासून तेच नाव आहे.”

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. खापरपणजोबापर्यंत पुरुषांची नावं यजमानांनी घडाघडा सांगितली. बायकांच्या बाबतीत आजीच्या पलीकडे सगळा अंधार. तुम्हीसुद्धा आत्ता वाचता वाचता जरा थांबा आणि आपल्या पणजीचं नाव आठवून पाहा. माहेरच्या नाही आठवली तर सासरच्या. मी दहा-बाराजणींना विचारलं, दोघींनाच सांगता आलं.

मग मीच ठरवलं, कागद काढायचे. शेत आहे म्हणजे सारा भरलेला असणार, आणि सारा भरला म्हणजे कुणाच्या तरी नावावर भरला असणार. सरकार माणसाला विसरेल, साऱ्याला विसरत नाही.

पण कागदाआधी खारजमीन म्हणजे काय ते सांगायला हवं. देशावरच्या भगिनींना ती चटकन डोळ्यांपुढे येणार नाही. ही जमीन खाडीकडून मागून घेतलेली आहे. भरतीचं पाणी जिथं आत येतं तिथं मातीचा बांध घालायचा. बाहेरच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. बांधात उघाडी ठेवायची, म्हणजे झडपेची मोरी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला खाडीचं पाणी आत येत नाही. मग काही पावसाळे नुसतं थांबायचं. पाऊस पडेल तसं मीठ धुपून जातं. त्यानंतर भात, तोही सुरुवातीला खारं सोसणारा, राता नावाचा तांबडा. बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. (खारं सोसणाऱ्या भाताच्या नव्या जाती पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढल्या.)

पेण भागात असे बांध घालून जमीन उठवणाऱ्यांना जुन्या काळी शिलोत्री म्हणत. सरकारातून त्यांना कौल मिळे. पहिली काही वर्षं सारा माफ, मग दरसाल थोडा थोडा चढता. ज्यांनी पदरमोड करून बांध घातला त्यांचं नाव कागदावर राहिलं. ज्यांनी डोक्यावर चिखल वाहिला ते बहुतेक कागदाबाहेर राहिले, त्यांत बायका किती असतील ते सांगायला नको. आणि बांध एकदा घालून भागत नाही. दरसाल उन्हाळ्यात त्याच्यावर माती चढवावी लागते. एखाद्या उधाणाला खांड पडली की एका रात्रीत शेताची पुन्हा खाडी. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोन-तीन सालं पीक नाही. म्हणजे असं बघा, इथं जमीन वारशानं मिळते म्हणण्यापेक्षा दरसाल नव्यानं कमवावी लागते.

आता कागद. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची. तो आता घरबसल्या संगणकावर मिळतो, डिजिटल सहीचाही पंधरा रुपयांत काढता येतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे तीत काय पिकलं. दोन्ही एकाच पानावर म्हणून सातबारा. वरच्या भागात नावांशेजारी बारीक आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. ही खरी किल्ली. प्रत्येक फेरफार म्हणजे एक घटना: कुणी मेलं, कुणी विकलं, कुणी वाटणी केली, कुणी कर्ज काढलं. त्यांची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. शेवटच्या नंबरापासून एकेक पायरी मागं जायचं. संगणकावर फार मागचं असेलच असं नाही. मग तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र अजून तलाठीच.) सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, गावाचं नाव अर्जात स्वच्छ अक्षरात लिहा. जिथं एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले आहेत तिथं जुना सर्व्हे नंबर कोणता ते आधी जुळवून घ्या. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि भिंग न्या. भिंगाला हसू नका, फार उपयोगी पडतं.

जुनी हस्तलिखित पानं हातात आली की थोडं बिचकायला होतं. क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. आकार रुपये-आणे-पैत. जिल्हा कुलाबा, कारण रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ ला आलं. कुलाबाही स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली, त्याआधी हा मुलूख ठाण्याच्या कलेक्टराकडे. तेव्हा तालुक्याला जवळच्या किल्ल्यावरून सांकशी म्हणत. म्हणून त्याहून जुन्या कागदात ‘पेण तालुका, रायगड जिल्हा’ शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. त्यातही बरंच मोडीत. पेशवाईतलं काही हवं असेल तर पुण्याचं पुरालेखागार, आणि मोडी वाचणारं माणूस सोबत. मला इतकं मागं जावं लागलं नाही.

नावांचंही तंत्र आहे. ‘वलद’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. हा ‘कोम’ शब्द नीट लक्षात ठेवा, आपल्याला शोधायचंय ते त्याच्या अलीकडे असतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो अर्थातच पुरुष, आणि त्याच्या एका नावाखाली अख्खं घर झाकलेलं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुलं लहान म्हणून त्यांच्या वतीनं पाहणारं माणूस. हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्याचा हक्क संपला की ते नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणून कंसातली नावं वाचायची. जिवंत बायका कागदावर कमी सापडतात, कंसात जास्त.

आमच्या दोन तुकड्यांपैकी मोठा कुळाचा होता. तो माग सोपा, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाशी येऊन थांबतो; त्या दिवसापासून कायद्यानं कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. त्याच्याआधी सातबाऱ्याच्या वरच्या भागात सावकाराचं नाव, आणि आमच्या माणसांचं नाव खाली पीकपाहणीत, कसणाराच्या रकान्यात. तुमचं घर कुळाचं असेल तर पूर्वज तिथं खाली शोधा. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनीच कसल्या नाहीत, खोतांविरुद्ध संप केला, तो या खालच्या रकान्यातून वरच्या रकान्यात जाण्यासाठीच म्हणायचा.

म्हातारीचं शेत मात्र लहान, पण आधीपासून मालकीचं. एकेक नंबर मागं जात मी यजमानांच्या आजोबांपर्यंत पोचले. तिथं त्यांचं नाव वारसानं आलेलं, आणि त्याच्याच वर एक कंस. कंसात यजमानांच्या पणजोबांचं नाव नव्हतं. कंसात होतं, ‘अ.पा.क. आई’, पुढे एका बाईचं नाव, पुढे ‘कोम’ आणि मग पणजोबांचं नाव.

ती नोंद मागवली. पणजोबा मयत, वारस मुलगे दोन, दोघे अज्ञान, सबब पालनकर्ता आई. मुलींचा उल्लेख नाही, त्या असतील तरी त्या काळी येणार नव्हता. नोंदीखाली तिचा अंगठा. आमचे आजोबा ज्या साली सज्ञान झाले त्या साली दुसरी नोंद: मुलगा सज्ञान झाला, सबब अ.पा.क. हिचं नाव कमी केलं. दोन नोंदींत आठ वर्षांचं अंतर. एवढंच असतं तर मी नाव लिहून घेऊन घरी आले असते.

पण पीकपाहणीची पानं चाळताना मधल्या वर्षांत मला पिकाच्या रकान्यात ‘भात’ दिसेना. त्या जागी ‘पड’. पुढच्या साली पड. तिसऱ्या साली पुन्हा पड. शेजारच्या दोन नंबरांनाही तसंच. म्हणजे खांड पडलेली, खारं पाणी आत. आणि त्याच सुमारास इतर हक्कांच्या रकान्यात तगाईचा बोजा, काढणार तीच, अ.पा.क. म्हणून. तगाई म्हणजे सरकारी कर्ज, बांधबंदिस्तीला किंवा बीबियाण्याला मिळे. चौथ्या साली एका नंबरात भात आलं. ते आमच्या. शेजारच्या दोन्ही नंबरांवर त्याच्या पुढच्या वर्षीच खरेदीखताची नोंद आहे. ती जमीन सावकाराकडे गेली. आमचा बोजा उतरल्याची नोंद आली आजोबा सज्ञान व्हायच्या आदल्या साली. म्हणजे कर्ज फेडूनच बाईनं शेत मुलांच्या हवाली केलं, आणि त्यानंतर सरकारदरबारी ती कुणी राहिली नाही.

तीन वर्षं पड जमिनीवर दोन पोरं कशी वाढवली, बांधाला माती कुणी चढवली, हे कागद सांगत नाही. जोहेतल्या एका ऐंशीच्या पुढच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “बांधावर बायकाच असायच्या. पुरुष खणायचे, बायका वाहायच्या. दुसरं कोण?” इतकं उघड आहे ते की मी विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं.

अमेरिकेत लोकांना हा छंदच आहे, हे तुमच्या कानावर असेल. पूर्वेकडून डोंगर ओलांडून नव्या मुलखात गेलेला आपला पहिला पूर्वज कोण, ते शोधायला लोक साऱ्याच्या याद्या चाळतात. केंटकी राज्याच्या १७९० आणि १८०० च्या शिरगणतीचे कागद नाहीसे झाले, म्हणून तिथं साऱ्याच्या याद्यांवरच भिस्त: नाव, जमीन किती, घोडे किती. आणि तिथंही हीच तऱ्हा. नवरा आहे तोवर बाई यादीत नाही. तो गेला की एकदम ‘विधवा अमुक’ उगवते. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर सरकारी जमीन मागता येऊ लागली, ती एकट्या बाईला आणि विधवेला मागता येई, नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला सहसा नाही. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं की वाईट, कळेना. साता समुद्रापलीकडेही बाईचं नाव लिहायला आधी कुंकू पुसावं लागत होतं.

आता तुम्ही म्हणाल, कायदे बदलले. बदलले खरे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वारस केलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः मुलासारखा वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ साली आला. वडील २००५ च्या आधीच वारले असले तरी मुलीचा तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम काढली होती. नवऱ्यानं राजीखुशीनं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. आमच्याकडे पेण तालुक्यात सेझ येणार म्हणून सप्टेंबर २००८ मध्ये २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, जमीन द्यायची की नाही. मत सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारांचं. आयुष्यभर लावणी केलेल्या कितीजणींचं नाव त्यावर होतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

एक सूचना मात्र द्यायलाच हवी. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरच्या वारसनोंदीत एक नाव, सासरच्या आधारकार्डावर दुसरं, अशानं पुढं हीच ती बाई हे सिद्ध करायला त्रास पडतो. दोन्ही नावं लिहिलेला एखादा कागद, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात असेल तर ती, लग्नाचा दाखला, हे जपून ठेवा. जुन्या नकलांना पिना टोचू नका, गंजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा स्वच्छ मलमलीत बांधून ठेवा आणि कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला.

नकला घेऊन आम्ही सगळे जोह्याला जमलो. मी वाचून दाखवलं. पड, पड, पड, भात, असं मी म्हणाले तेव्हा यजमानांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. भाऊजी म्हणाले, “पण वहिनी, ताईनं सही केली असती तर तुमच्याही वाट्याला जास्त आलं असतं.” आलं असतं, खरंच आलं असतं. धाकट्याच्या फीचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. ताई इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मोठ्या तुकड्याचं काय करायचं ते पुढं बघू. ह्या शेतावर माझं नाव लागलं पाहिजे. आणि आईचं आधी.”

सासूबाईंचं नाव? विधवा पहिली वारस, पण ते कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वारसाचा अर्ज अजून करायचाच होता, तो त्याच आठवड्यात केला. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र. अर्ज आता संगणकावरूनही देता येतो. नोंद धरली की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. आमच्याकडे हरकत आली नाही. दलाल मात्र दोनदा येऊन गेला.

नवा सातबारा आला तेव्हा सासूबाईंनी आपल्या नावाची ओळ दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, “तिचं नाव पुन्हा लावता येतं का?” नाही येत, ती कधीची गेली. “मग निदान पोरींना सांगून ठेवा,” म्हणाल्या. सांगितलंय. घरचं नाव म्हणून इथं छापत नाही एवढंच.

मोठ्या तुकड्याचा निर्णय अजून व्हायचाय. म्हातारीच्या शेताच्या बांधाला उघाडीपाशी घळ पडायला लागली आहे, पावसाआधी माती चढवायला हवी. खर्चाचे चार वाटे केलेत: सासूबाई, यजमान, भाऊजी आणि ताई. ताईंनी आपला वाटा सगळ्यांत आधी पाठवला.